माडीचा जिना आमच्या अंगणांतून कां नाहीं?

घराला माडी असावी कीं नसावी, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. परंतु माडीसाठीं दगडमाती आम्ही वाहिली, तिच्या तुळयांचा खर्च आमच्या पट्टींतून गेला, आणि वर जाण्याचा जिना मात्र शेजाऱ्याच्या ओसरींतून काढला, तर घरधन्यानें तोंड उघडून विचारावें कीं नाहीं? महाराष्ट्राच्या विधान परिषदेची गोष्ट थेट अशी आहे. तिला वरिष्ठ सभागृह म्हणतात. तें वरिष्ठ कोणाच्या मतानें झालें, हें विचारण्याची वेळ आतां शेतकऱ्यावर व कारागिरावर आली आहे.

नांदेड-लातूरकडील आमच्या वाचकांना विधानसभेचें मतदान ठाऊक आहे. लोकसभेचें ठाऊक आहे. बोटाला शाई लावून घेण्यासाठीं त्यांनीं उन्हांत रांगा धरल्या आहेत. परंतु "मीं विधान परिषदेसाठीं मत दिलें" असें सांगणारा माणूस कंधारच्या किंवा औशाच्या बाजारांत दिवसभर शोधला तरी विरळाच सांपडेल. जो सांपडेल तो बहुधा वकील, मास्तर किंवा कचेरींतला कारकून असेल. नांगर धरणारा, चाक फिरविणारा, कातडें कमावणारा, मागावर बसणारा त्यांत कां नसतो? तो आळशी आहे म्हणून नव्हे. कायद्यानें त्याला तेथें उभेंच केलेलें नाहीं.

ही रचना नीट समजून घ्यावी. विधान परिषदेंत एकूण ७८ सभासद असतात. त्यांपैकीं ३० विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांचे सभासद निवडतात. ७ पदवीधर निवडतात. ७ शिक्षक निवडतात. आणि बाकीचे १२ राज्यपाल नेमतात. ही वांटणी राज्यघटनेच्या १७१ व्या कलमांतून निघाली आहे. सभासदाची मुदत सहा वर्षांची असते. दर दोन वर्षांनीं एक-तृतीयांश सभासद निवृत्त होतात, आणि विधानसभा मोडली तरी हें सभागृह मोडत नाहीं.

आतां ही वांटणी शेतकऱ्याच्या डोळ्यांनीं वाचा. जो शिकून पदवी घेतो त्याच्यासाठीं वेगळें दार आहे. जो शिकवितो त्याच्यासाठीं वेगळें दार आहे. जो पिकवितो आणि जो घडवितो, त्याच्यासाठीं दार नाहीं. पदवीधर विधानसभेला एक मत देतो आणि विधान परिषदेला दुसरें देतो. त्याचा बाप, ज्यानें बैल विकून त्याची फी भरली, तो एकच मत देतो. शिक्षण ही मोठी गोष्ट आहे, तिचा हेवा आम्ही करीत नाहीं. परंतु लेंकाच्या ज्ञानास दोन मतें आणि बापाच्या घामास एक, हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

हें गाऱ्हाणें नवें नाहीं. १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें हेंच मांडलें होतें कीं, सरकारचा वसूल येतो रयतेच्या कष्टांतून, आणि विद्याखात्याच्या खर्चाचा लाभ होतो वरच्या वर्गांस. तेव्हां आधीं बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण द्या. पुढें १९१९ च्या सुधारणांच्या वेळीं आपल्या लोकांनीं कायदेमंडळांत जागा मागितल्या, आणि मुंबई इलाख्यांत मराठे व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून मिळाल्या. १९३५ च्या कायद्यानें मुंबईस वरिष्ठ सभागृह आलें, तेव्हां त्याच्या मतदारास मोठ्या मिळकतीची किंवा मोठ्या हुद्द्याची अट होती. स्वराज्य आलें आणि मिळकतीची अट गेली, हें खरें. परंतु वरच्या मजल्यावर निवडक लोकांनींच चढावें, ही जुनी समजूत पुरी गेली असें म्हणवत नाहीं.

मराठवाड्यापुरतें पाहूं. निजामाच्या अमलांत आपल्या रयतेस मताचें बळ असें नव्हतेंच. १९४८ च्या सप्टेंबरांत तो अंमल संपला. १९५२ सालीं हैदराबाद राज्यांत प्रौढ मतदानानें पहिली विधानसभा निवडली गेली, आणि त्या राज्यांत विधान परिषद नव्हती. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, तेव्हां कोठें ही माडी आपल्या वांट्यास आली. म्हणजे नांदेडच्या व लातूरच्या शेतकऱ्यानें ती मागितली नव्हती. घरांत आला तेव्हां ती आधींच बांधलेली होती. म्हणूनच तिचा जिना कोठून निघतो, हें त्यानें आजवर पाहिलें नाहीं.

पहिलें दार पदवीधरांचें. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा मिळून पदवीधरांचा एक मतदारसंघ आहे. १ डिसेंबर २०२० रोजीं त्याचें मतदान झालें. तेव्हां आठ जिल्ह्यांच्या यादींत साडेतीन लाखांहून अधिक नांवें होतीं. हा आंकडा मोठा दिसतो, पण २०११ च्या शिरगणतींत एकट्या नांदेड जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांवर आणि लातूरची २४ लाखांवर होती, हें लक्षांत घ्यावें. आणखी एक मौज ऐका. मत देणारा पदवीधर असावा लागतो. उभा राहणारा पदवीधर असलाच पाहिजे असें नाहीं! सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालींच हा निवाडा दिला आहे. वय तीस पूर्ण असावें आणि राज्यांतील विधानसभेच्या मतदार यादींत नांव असावें, म्हणजे झालें. तेव्हां "हें सभागृह विद्वानांचें आहे, त्यांत अडाण्याचें काय काम?" असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला हा निवाडा दाखवावा. विद्येची अट मत देणाऱ्याला आहे, खुर्चीवर बसणाऱ्याला नाहीं.

दुसरें दार शिक्षकांचें. त्यांतही मेख आहे. माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांसच तेथें मत आहे. खेड्यांतल्या प्राथमिक शाळेंत जो गुरुजी आपल्या पोराला पाटीवर पहिलें अक्षर काढून देतो, त्याला शिक्षक म्हणून मत नाहीं. म्हणजे शिक्षकांतही वरचा आणि खालचा असा भेद केला, आणि खालचा म्हणून टाकला तो नेमका बहुजनांच्या लेंकरांना शिकविणारा.

आतां कोणी म्हणेल कीं, "तुम्हांस दार नाहीं कसें? जिल्हा परिषदेचा आणि नगरपालिकेचा सभासद तुम्हीच निवडतां ना? तोच तुमच्यातर्फें २२ जणांच्या निवडणुकींत मत देतो." ठीक. हेंच तें तिसरें दार. आणि शेतकऱ्या-कारागिरास कांहीं आशा असेल तर याच दारांतून आहे. तेव्हां तें किती उघडें आहे तें पाहूं.

नांदेड जिल्ह्याची या वर्गांत एक जागा आहे. लातूरची जागा बीड व उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, यांच्यासह मिळून एक आहे. नांदेडांतून २०१० व २०१६ सालीं अमर राजूरकर निवडून आले. लातूर-बीड-उस्मानाबादेंतून २०१२ सालीं दिलीपराव देशमुख आणि २०१८ सालीं सुरेश धस निवडून आले. माणसें चांगलीं कीं वाईट, पक्ष हा कीं तो, हा आमचा आजचा विषय नाहीं. आमचा विषय मतदारांचा आहे. २०१६ सालीं नांदेडच्या या निवडणुकींत मत देणारे किती होते? पांचशेंच्या आंत. लातूरकडील तीन जिल्ह्यांत मिळून हजाराच्या आसपास. एका मोठ्या गांवच्या यात्रेंत याहून अधिक माणसें एका पंगतीला बसतात!

मतदार इतके थोडे असले म्हणजे काय होतें, तें सांगावयास नको. महाराष्ट्रभर या निवडणुकीपूर्वीं सभासदांना सहलीच्या नांवाखालीं दूर नेऊन ठेवण्याची चाल पडली आहे. लग्नाच्या वऱ्हाडासारखी त्यांची बडदास्त ठेवतात, आणि मतदानाच्या दिवशींच गाड्यांतून आणून उतरवितात. लोक त्याला घोडेबाजार म्हणतात. आम्हांस तें नांव पटत नाहीं. हाळीचा बैलबाजार निदान उघड्यावर भरतो. तेथें दांत पाहून, चालवून, चारचौघांत सौदा होतो.

बरें, हें तिसरें दार निदान वेळच्या वेळीं उघडतें काय? तें पाहिलें म्हणजे मन विटतें. २०२२ च्या मार्चांत नांदेड व लातूर दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली. त्याच सालीं मे महिन्यांत लातूर महानगरपालिकेची संपली, आणि ऑक्टोबरांत नांदेड-वाघाळ्याची. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत अडकला, आणि निवडणुकांऐवजीं प्रशासक आले. सुताराला, कुंभाराला, माळ्याला, धनगराला ज्या आरक्षणानें पंचायतींत जागा मिळाली, त्याचाच वाद पुढें करून सर्वांचीच पंचायत बंद पडली! अखेर २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घ्या म्हणून हुकूम दिला, तेव्हां हालचाल सुरू झाली. नगरपालिकांचें मतदान २०२५ च्या डिसेंबरांत आणि महानगरपालिकांचें २०२६ च्या जानेवारींत झालें. मधलीं तीन वर्षें आणि त्याहून अधिक काळ दिवाबत्ती, पाणी, रस्ता, दवाखाना, शाळा यांचा कारभार ज्याला कोणीच निवडलें नव्हतें त्याच्या सहीनें चालला.

त्याचा धक्का वरपर्यंत गेला. निवडणूक आयोगाचा नियम असा आहे कीं, मतदारसंघांतील निदान शेंकडा ७५ स्थानिक संस्था चालू असाव्यात आणि निदान शेंकडा ७५ मतदार हजर असावेत. नाहीं तर ही निवडणूक घ्यावयाची नाहीं. सभासदच नाहींत, तर मत कोण देणार? म्हणून २०२२ सालच्या अखेरीस नांदेडची जागा रिकामी झाली ती पुढें रिकामीच राहिली. २०२४ च्या जूनमध्यें लातूर-बीड-धाराशिवची मुदत संपली, तिचीही तीच गत झाली. पदवीधरांची जागा भरली गेली. शिक्षकांची २०२३ च्या जानेवारींत मतदान होऊन भरली गेली. विधानसभेच्या आमदारांच्या कोट्यांतील जागाही भरल्या गेल्या. रिकामी राहिली ती खेड्यापाड्यांच्या नांवाची जागा. आणि शेतकऱ्यानें त्याबद्दल ओरड केली नाहीं, कारण आपली जागा रिकामी आहे हेंच त्याला ठाऊक नव्हतें. चोरी झाली ती झाली, घरधन्याला ती कळलीही नाहीं, यापरतें दुर्दैव कोणतें?

राज्यपालांच्या बारा जागांचीही कथा अशीच आहे. २०२० च्या जूनमध्यें त्या रिकाम्या झाल्या. त्या सालच्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें बारा नांवें पाठविलीं. त्यांवर निर्णय झाला नाहीं. सरकार बदलल्यावर यादी परत घेतली गेली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत सात नांवांचा शपथविधि झाला. चार वर्षांवर त्या जागा ओस होत्या. या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठीं आहेत, असें घटना म्हणते. मातीला आकार देणारा कुंभार, लोखंडाला पाणी देणारा लोहार, हातमागावर नक्षी उठविणारा विणकर यांच्या हातांत जी आहे ती कला नव्हे काय? परंतु आजवर त्या खुर्च्यांकडे जाणाऱ्या वाटेवर पक्षाचे हिशेबच अधिक चालले.

आतां आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतों. उदगीर, देवणी, निलंगा येथील वाचकांनीं हें विशेष लक्ष देऊन वाचावें. तुमच्या शिवेपलीकडे बीदर जिल्हा आहे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यांतच होते; आजही सोयरीक चालते, बाजार चालतो. कर्नाटक राज्यांतही विधान परिषद आहे आणि तेथेंही स्थानिक संस्थांच्या जागा आहेत. परंतु तेथें ग्रामपंचायतीच्या साध्या सभासदाला विधान परिषदेसाठीं मत आहे! भालकीकडच्या एखाद्या वाडीचा पंच, मग तो शेतमजूर असो कीं न्हावी, तो वरिष्ठ सभागृहाचा मतदार आहे. इकडे देवणीकडे त्याचा मेहुणा सरपंच असला तरी त्याला मत नाहीं. राज्यघटना एक, कलम एक, आणि शीव ओलांडली कीं माणसाची किंमत दुसरी!

नांदेडकडेही तसेंच आहे. बिलोली-धर्माबादच्या पलीकडे तेलंगणांत निजामाबाद जिल्हा आहे. तेथें मंडल परिषदेचा प्रत्येक सभासद मतदार असतो. आपल्याकडे पंचायत समितीचा सभापति तेवढा मतदार. बाकीचे सभासद पाहत बसणार.

बीदरकडचा एक दाखला तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. २०२१ सालीं कर्नाटकांतही जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत संपली होती आणि तेथेंही त्यांच्या निवडणुका लांबल्या. तरी डिसेंबर २०२१ मध्यें तेथें स्थानिक संस्थांच्या पंचवीस जागांची निवडणूक झाली. कशी झाली? ग्रामपंचायती चालू होत्या आणि त्यांचे सभासद मतदार होते म्हणून. झाडाची फांदी मोडली तरी मूळ जिवंत होतें. आपल्याकडे मुळाला मतच नाहीं. म्हणून फांदी मोडतांच सारें सुकलें.

हा भेद घटनेनें केलेला नाहीं. घटनेंत "नगरपालिका, जिल्हा मंडळें आणि संसद कायद्यानें ठरवील त्या इतर स्थानिक संस्था" असा अर्थ आहे. कोणत्या राज्यांत कोणत्या संस्था, हें १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचींत लिहिलें आहे. महाराष्ट्राच्या नांवापुढें ग्रामपंचायत हा शब्द नाहीं. कर्नाटकाच्या नांवापुढें आहे. तेवढा एक शब्द घालण्यास घटना बदलावी लागत नाहीं. संसदेनें साधा कायदा केला म्हणजे पुरे.

त्या एका शब्दानें काय होईल, याचा हिशेब करा. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून दोन हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. कायद्याप्रमाणें एका पंचायतींत सातांपासून सतरांपर्यंत सभासद असतात. सातच धरले तरी चौदा हजार मतदार झाले! त्यांत निम्म्या बायका, कारण निम्म्या जागा त्यांच्यासाठीं राखीव आहेत. त्यांत महार, मांग, चांभार, त्यांत लमाण, धनगर, माळी, साळी, कोळी, सारे आले. पांचशें जणांना गाड्यांत घालून सहलीस नेतां येतें. चौदा हजारांना कोणत्या गाडींत घालणार?

कोणी म्हणेल, "गांवचा पंच अडाणी, तो चार पैशांना विकला जाईल." पैसा कर्नाटकांतही चालतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. मतदार वाढले म्हणजे माणसें देवमाणसें होतात असा आमचा दावा नाहीं. परंतु आजचे मतदार विकले जात नाहींत असें ज्याला छातीवर हात ठेवून म्हणतां येत असेल, त्यानेंच ही शंका काढावी. आणि उमेदवाराला निदान गांवोगांव फिरावें तर लागेल! सहा वर्षांतून एकदां कां होईना, तो मुखेडच्या डोंगरांत आणि शिरूर अनंतपाळच्या माळावर येऊन पाण्याची, विम्याची, शाळेची गोष्ट ऐकेल. आज त्याला हॉटेलच्या दिवाणखान्यांतून उठावें लागत नाहीं.

दुसरे कांहीं म्हणतात, "ही माडीच पाडा. पंजाबनें व बंगालनें १९६९ सालीं आणि तामिळनाडूनें १९८६ सालीं पाडली, त्यांचें काय बिघडलें? आज देशांत सहाच राज्यांत विधान परिषद आहे." हें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. परिषदेचे अधिकारही मर्यादित आहेत. पैशाचें विधेयक ती चौदा दिवसांवर रोखूं शकत नाहीं. इतर विधेयक आधीं तीन महिने आणि पुन्हां आलें तर एक महिना, असें मिळून फार तर चार महिने अडवूं शकते. विधानसभेंत नसलेल्या पुढाऱ्याला मंत्रिपदावर टिकविण्यासाठीं तिचा उपयोग वारंवार होतो. २०२० च्या मे महिन्यांत त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे याच वाटेनें बिनविरोध आले. तेव्हां खर्च वांचवा म्हणणाऱ्यांस आम्ही वेडे म्हणत नाहीं.

तरी आम्ही पाडा म्हणत नाहीं, याला कारण आहे. १९६० पासून १९७८ पर्यंत वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापति होते. त्यांनीं सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांत विसापूर येथें १९६५ सालीं एक प्रयोग केला: खेड्यांतल्या धडधाकट माणसानें काम मागितलें कीं सरकारनें त्याला काम द्यावें. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला आणि ती कल्पना महाराष्ट्रभर पसरली. शहरांतील नोकरदारांवर व व्यापाऱ्यांवर १९७५ सालीं व्यवसाय कर बसवून तिला पैसा उभा केला. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. देशाचा २००५ चा रोजगार कायदाही त्याच वाटेनें आला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आईबापांनीं त्या कामावर खडी फोडून आणि पाझर तलावाची माती वाहून चूल पेटती ठेवली आहे. वरिष्ठ सभागृहाच्या खुर्चींत बसलेल्या एका माणसाची दृष्टि खालीं होती, म्हणून हें घडलें. खुर्ची निरुपयोगी नाहीं. तिच्यावर बसणाऱ्यानें कोणाकडे पाहावें, हें त्याला मत देणाऱ्यांवरून ठरतें. मागच्या पिढीस एक पागे दैवानें मिळाले. पुढच्या पिढीनें दैवावर कां विसंबावें?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली: महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींच्या सभासदांना आणि पंचायत समितीच्या सर्व सभासदांना स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांत मत मिळावें. हा अधिकार संसदेचा आहे. तेव्हां नांदेडच्या व लातूरच्या खासदारांना गांवोगांवच्या ग्रामसभांनीं ठराव करून पाठवावेत. दुसरी: स्थानिक संस्थांच्या निवडणुका मुदतींतच व्हाव्यात, न्यायालयीन वादाचें निमित्त सांगून वर्षानुवर्षें प्रशासक बसविणें यापुढें बंद व्हावें. तिसरी: प्राथमिक शाळेच्या गुरुजींना शिक्षक समजावें, त्यासाठीं घटनेंतील शब्द बदलावे लागतील, तर ते बदलावेत. चौथी: बारा नेमणुकांत कारागिराचा एक तरी हात दिसावा.

मागणी करणें हें एक काम. दुसरें काम आपल्या घरांत आहे, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. तुमच्या घरांत कोणी पदवीधर आहे काय? आतां पुष्कळ घरांत आहेत. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ सालीं निघाल्यापासून शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या मुलांमुलींनीं पदव्या घेतल्या आहेत. पदवीचा कागद भिंतीवर चौकटींत लावला आहे, आणि मतदार यादींत नांव नाहीं! पदवी मिळून तीन वर्षें झालीं आणि राहणें याच मतदारसंघांत असलें म्हणजे नांव घालतां येतें. अर्जाचा नमुना अठरावा. सोबत पदवीच्या दाखल्याची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित नक्कल. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानें होते. मागच्या वेळीं नांव होतें म्हणून स्वस्थ बसूं नये. मराठवाड्याच्या जागेची २०२० पासूनची मुदत २०२६ च्या डिसेंबरांत पुरी होते, हें ध्यानांत असावें. मुलाचें नांव घालतां तसें सुनेचें आणि लेंकीचेंही घालावें. ती बी. ए. झाली ती केवळ लग्नपत्रिकेंत छापण्यापुरती नव्हे.

मतदानाची रीतही वेगळी आहे, ती शिकून ठेवावी. येथें यंत्र नसतें, बटण नसतें. कागदावर उमेदवाराच्या नांवापुढें पसंतीचा आंकडा लिहावा लागतो: पहिल्या पसंतीस १, हवें तर दुसऱ्या पसंतीस २, अशा क्रमानें. अक्षरांत "एक" लिहिलें, बरोबरची खूण केली, किंवा तेथें दिलेल्या लेखणीऐवजीं आपली लेखणी वापरली, तर मत बाद. २०२० सालीं आपल्याच मतदारसंघांत हजारों मतें अशीं बाद झालीं. पदवीधरांचीं मतें बाद व्हावींत, आणि वर त्यांनींच गांवच्या पंचाला अडाणी म्हणावें, हें शोभत नाहीं.

सारांश, माडी आहे तोंवर तिचा जिना आपल्या अंगणांतूनही निघाला पाहिजे. तो कोणी आपण होऊन काढून देणार नाहीं. आजवर दिला नाहीं, पुढेंही देणार नाहीं. येत्या ग्रामसभेंत उठून विचारावें: "बीदरच्या पंचाला मत आहे, मग आमच्या पंचाला कां नाहीं?" प्रश्न एका ओळीचा आहे. दोन हजार गांवांतून तो एकदम विचारला गेला, तर त्याला उत्तर द्यावेंच लागेल.